ज्या मरणाला भाव होता : कोआलाच्या शिकारीचा हिशेब

निलगिरीचे झाड आपल्याकडे कोणाला नवे नाही. सामाजिक वनीकरणाच्या काळात ते शाळेच्या कुंपणापासून माळरानापर्यंत सगळीकडे लावले गेले. लावणाऱ्याला त्यात एक मोठी सोय दिसली : राखण करावी लागत नाही. शेळी समोर येईल ते खाते, पण निलगिरीच्या पानाला तीही सहसा तोंड लावत नाही. ही पाने तेलकट, चिवट, कमी पोषणाची आणि बऱ्याच अंशी विषारी असतात. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आणि त्या खंडावर एक प्राणी असा आहे की जो जवळजवळ याच पानांवर आयुष्य काढतो. तो म्हणजे कोआला.

कोआलाचे चित्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. झाडाच्या दुबेळक्यात बसलेला, मोठ्या कानांचा, राखी रंगाचा, खेळण्यासारखा दिसणारा प्राणी. चित्राखाली 'पोटाला पिशवी असणारा प्राणी' एवढे लिहिलेले असते आणि धडा पुढे सरकतो. पण याच प्राण्याची सुमारे सहा लाख कातडी १९२७ साली ऑस्ट्रेलियातल्या एकाच राज्यात, एका महिन्यात जमा झाली, हे फारसे सांगितले जात नाही. तो कोठे राहतो, काय खातो आणि माणसाच्या हातून किती मेला, हे तीन प्रश्न आपण वर्गात वेगवेगळे विचारतो. कोआलाच्या इतिहासात त्यांची उत्तरे एकमेकांत अडकलेली आहेत. तो गुंता आपण येथे सोडवून पाहू.

पानांवरचे आयुष्य

आधी आहार. निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती ऑस्ट्रेलियात आहेत. कोआला त्यांपैकी काही डझन जातींचीच पाने खातो आणि एखाद्या ठरावीक प्रदेशात तर दोन-चार जातींवरच त्याची मुख्य भिस्त असते. मोठा कोआला दिवसाला साधारण अर्धा किलोपर्यंत पाने खातो. या पानांत प्रथिने थोडी, तंतू भरपूर आणि वर तेले व फिनॉल गटातली द्रव्ये असतात. ही द्रव्ये म्हणजे झाडाने खाणाऱ्यांपासून केलेला बचाव होय.

कोआलाने त्यावर उपाय शोधला तो उत्क्रांतीच्या ओघात. लहान व मोठे आतडे जिथे मिळते तिथली आंधळी पिशवी, म्हणजे अंधनाल, त्याच्यात सुमारे दोन मीटर लांब असते. त्यातले सूक्ष्मजीव पानांचे तंतू आंबवून मोडतात. विषाची विल्हेवाट यकृत लावते. २०१८ साली कोआलाच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विषारी द्रव्ये मोडणाऱ्या विकरांची जनुके या प्राण्यात वाढलेली आढळली. पिल्लू पिशवीतून बाहेर डोकावू लागले की आई त्याला आपल्या अंधनालातून येणारा मऊ लगदा खाऊ घालते. पाने पचवणारे सूक्ष्मजीव तिच्याकडून पिल्लाला मिळतात ते असे.

पण या उपायाची किंमत मोजावी लागते. एवढ्या निकस अन्नातून ऊर्जा थोडीच मिळते. म्हणून ती जपून वापरावी लागते. कोआला दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतो किंवा नुसता बसून राहतो. त्याचा चयापचय मंद असतो. मादीला वर्षाला फार तर एक पिल्लू होते. साधारण पस्तीस दिवसांच्या गर्भावस्थेनंतर जन्मलेले इवलेसे पिल्लू सहा महिने पिशवीत आणि पुढे काही महिने आईच्या पाठीवर वाढते.

शिकाऱ्याच्या नजरेने या वर्णनाकडे पाहावे. दिवसा एकाच झाडावर बसून राहणारा, पळून न जाणारा, मंद प्राणी. पुन्हा अंगावर दाट, ऊबदार लोकर. त्याला मारणे सोपे, पण एक मेला की त्याची जागा भरून निघायला वेळ लागतो. आहाराचा धडा इथे शिकारीच्या धड्याला येऊन मिळतो.

नकाशावरची पट्टी

आता प्रसार. ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर कोआलाचा प्रदेश रंगवला तर पूर्व किनाऱ्याच्या आत उतरत जाणारी एक पट्टी दिसते : क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाचा आग्नेय कोपरा. टास्मानिया बेटावर निलगिरी आहे, पण कोआला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातही निलगिरीची विशाल जंगले आहेत आणि तेथील गुहांत कोआलाचे जीवाश्मही सापडले आहेत. म्हणजे तो तिथे एके काळी होता. युरोपीय माणूस येण्याच्या फार आधी तिथून नाहीसा झाला.

या पट्टीच्या आतही कोआला सगळीकडे सारखा नसतो. ज्या झाडांच्या पानांत पोषण जरा बरे, ती झाडे बहुधा सुपीक जमिनीवर, नदीनाल्यांच्या काठाने वाढतात. कोआलाला हवी असलेली जमीन आणि शेतकऱ्याला हवी असलेली जमीन एकच, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

ब्रिटिशांनी सिडनीला वसाहत केली ती १७८८ मध्ये. कोआलाचा पहिला लेखी उल्लेख मात्र दहा वर्षांनी, १७९८ मध्ये, ब्लू माउंटन्स डोंगरांत गेलेल्या जॉन प्राइसच्या वृत्तान्तात येतो. जिवंत कोआला सिडनीत आला तो १८०३ मध्ये. शास्त्रज्ञांनी पुढे त्याला 'फॅस्कोलार्क्टोस सिनेरियस' हे नाव दिले. त्याचा अर्थ राखी रंगाचे पिशवीवाले अस्वल. अस्वलाशी त्याचे काही नाते नाही, पण 'देशी अस्वल' हे नाव वसाहतकारांच्या तोंडी शंभर-सव्वाशे वर्षे राहिले. 'कोआला' हा शब्द सिडनी परिसरातल्या धारुग भाषेतून आलेला आहे.

झाडावर बसून राहणारा हा प्राणी दहा वर्षे नजरेस का पडला नाही? एक कारण त्याचा रंग आणि त्याचे उंचावरचे बसणे. अनेक अभ्यासक दुसरेही कारण देतात. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी कोआलाची शिकार करून त्याचे मांस खात. हजारो वर्षांच्या या शिकारीमुळे कोआलांची संख्या मर्यादित राहिली असावी. वसाहतीनंतर मूळ रहिवाशांवर देवीची साथ, हिंसा आणि जमिनी गमावणे अशी संकटे एकापाठोपाठ कोसळली. त्यांची वस्ती उजाड झाली, शिकार थांबली आणि कोआला वाढले. व्हिक्टोरियातल्या काही भागांत सुरुवातीला विरळ असलेला कोआला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर विपुल झाल्याच्या नोंदी या मताला पुष्टी देतात.

हे मत मान्य केले तर एक महत्त्वाची गोष्ट निघते. फरच्या व्यापाऱ्यांना दिसलेले कोआलांचे थवेच्या थवे ही निसर्गाची अनादी काळापासूनची स्थिती नव्हती. माणसांच्या एका समाजावर कोसळलेल्या आपत्तीची ती सावली होती. प्राण्याच्या इतिहासाचे पहिले पान माणसाच्या इतिहासाशिवाय वाचता येत नाही ते असे.

कातड्यांचा बाजार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोआलाची लोकर युरोपात आणि अमेरिकेत खपू लागली. टोप्या, हातमोजे, कोटाची अस्तरे यांसाठी ती वापरली जाई. व्यापारात ही कातडी पुष्कळदा 'वॉम्बॅट' या भलत्याच प्राण्याच्या नावाने विकली जात. शेतीसाठी झाडे तोडणेही चालूच होते. त्यातच १८८७ ते १८८९ आणि १९०० ते १९०३ या काळात कोआलांमध्ये रोगाच्या साथी आल्याचे वृत्तान्त आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस दक्षिणेकडच्या राज्यांत कोआला इतका कमी झाला की व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांनी त्याला कायद्याचे संरक्षण दिले. साउथ ऑस्ट्रेलियातून तो १९३०च्या दशकापर्यंत नाहीसाच झाला.

उरले क्वीन्सलंड. तिथे १९०६ साली देशी प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्या कायद्यातले संरक्षण म्हणजे बंद हंगाम आणि खुला हंगाम यांची व्यवस्था होती. सरकार सूचना काढून ठरावीक मुदतीपुरती शिकार खुली करी. कोआलासाठी असे हंगाम १९१५, १९१७ आणि १९१९ मध्ये खुले झाले. १९१९चा हंगाम सहा महिन्यांचा होता. त्यात सुमारे दहा लाख कोआला मारले गेले. त्यानंतर काही वर्षे शिकार बंद राहिली.

१९२७ मध्ये राज्यात दुष्काळ होता. ग्रामीण भागात रोजगार नव्हता. सत्तेवर मजूर पक्षाचे सरकार होते. फासे लावून पॉसम आणि कोआला पकडणारा माणूस हा बहुधा गरीब शेतमजूर किंवा अडचणीत आलेला छोटा शेतकरी असे. एका महिन्याच्या शिकारीत त्याला पुढचे कित्येक महिने तरून जाण्याइतका पैसा मिळू शकत होता. सरकारने ऑगस्ट महिना खुला केला. ऑगस्ट हा तिथला हिवाळ्याचा शेवट. लोकर दाट असते, म्हणून कातड्याला भाव चांगला येतो.

घोषणा होताच विरोध सुरू झाला. ब्रिस्बेनच्या वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. निसर्गप्रेमी, शिक्षक, लेखक, महिला संघटना आणि ब्रिस्बेनचे आर्चबिशपसुद्धा त्यात होते. सरकारने निर्णय मागे घेतला नाही. सुमारे दहा हजार परवानाधारक शिकारी रानात उतरले. महिनाअखेर हिशेब झाला तेव्हा कोआलाच्या कातड्यांची नोंद होती ५,८४,७३८. त्याच हंगामात पॉसमची सुमारे दहा लाख कातडी आली. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात हा महिना 'काळा ऑगस्ट' म्हणून ओळखला जातो.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

हा आकडा वर्गात फळ्यावर लिहावा आणि मुलांना त्याच्याशी थोडे झगडू द्यावे. एकतीस दिवसांनी भागले तर रोज सुमारे १९ हजार. दहा हजार शिकाऱ्यांत वाटले तर माणशी ५८ किंवा ५९. दुसरी संख्या पहिल्याइतकी भयानक वाटत नाही. एका गरीब माणसाने महिन्यात साठेक प्राणी धरले, इतकेच. पण या दोन्ही संख्या एकाच घटनेच्या आहेत. मोठा संहार पुष्कळदा अशा छोट्या छोट्या, समजून घेता येण्याजोग्या कृतींनी बनलेला असतो.

आता विचारावे की ५,८४,७३८ ही नेमकी कशाची संख्या आहे? ती मेलेल्या कोआलांची नाही. बाजारात पोहोचलेल्या कातड्यांची आहे. जखमी होऊन रानात मेलेले यात नाहीत. खराब झालेली, टाकून दिलेली कातडी यात नाहीत. मुख्य म्हणजे पिल्ले यात नाहीत. कोआलाची बहुतेक पिल्ले उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. ऑगस्टमध्ये ती पिशवीतून नुकती बाहेर पडत असतात किंवा आईच्या पाठीवर असतात. आई मेली की तेही मेले. त्याच्या कातड्याला मोल नव्हते, म्हणून वहीत त्याला जागा नव्हती.

दुसरी अडचण. या आकड्यावरून मागे किती कोआला उरले ते कळत नाही. शिकारीच्या बाजूचे म्हणत, प्राणी भरपूर आहेत. विरोधक म्हणत, आता संपत आले. जिवंत प्राण्यांची मोजणी कोणीच केली नव्हती. १९१९च्या कत्तलीनंतर आठ वर्षांनी पुन्हा सहा लाख सापडले, यावरून १९१९ मध्ये ते संपले नव्हते एवढे निश्चित म्हणता येते. पण जितके मारले त्यावरून जितके उरले ते काढायला वजाबाकीची वरची संख्याच आपल्याकडे नाही.

तिसरी गोष्ट. आकडा छापलेला आहे म्हणून तो खरा, असे नसते. १९२४ मध्ये पूर्वेकडच्या राज्यांतून वीस लाखांहून अधिक कोआलाची कातडी निर्यात झाली, असे अनेक पुस्तकांत एकावरून एक उतरत आलेले आहे. पण त्या वर्षी क्वीन्सलंडमध्ये कोआलाचा खुला हंगाम नव्हता आणि दक्षिणेत तो आधीच विरळ झाला होता. मग वीस लाख आले कोठून? नावांची सरमिसळ, साठवलेला माल, चोरटी शिकार, सगळे धरले तरी हा आकडा जपूनच वापरला पाहिजे.

हे केवळ कोआलापुरते नाही. टास्मानियात पट्टेरी शिशुधान लांडगा, ज्याला टास्मानियाचा वाघ म्हणत, मारल्याबद्दल सरकारने १८८८ ते १९०९ या काळात २,१८४ बक्षिसे दिली. तेवढी नोंद अगदी चोख आहे. हा प्राणी रोगाने किती मेला, कुत्र्यांनी किती मारला, रान तुटल्याने किती उपाशी राहिला, याची वही कोणी ठेवली नाही. शेवटचा ज्ञात प्राणी १९३६ साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ज्या मरणाला भाव होता, तेच मोजले गेले. वन्यप्राण्यांच्या इतिहासाची साधने अशी एका बाजूला कललेली असतात.

बंदूक गेली, झाड गेले

१९२७ नंतर क्वीन्सलंडने कोआलाचा खुला हंगाम पुन्हा कधीही जाहीर केला नाही. त्याच वर्षी ब्रिस्बेनजवळ लोन पाइन हे कोआलांचे अभयस्थान दोन प्राण्यांपासून सुरू झाले. १९३०च्या दशकाअखेर सर्व राज्यांत कोआलाला संरक्षण मिळाले. लोकांच्या संतापाने मिळवलेला हा विजय खरा होता आणि टिकलाही. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आहार आणि प्रसार हे दोन धागे अजून शिल्लक होते.

पहिला धागा बेटांचा. व्हिक्टोरियाजवळच्या फ्रेंच बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोजके कोआला नेऊन सोडले होते. तिथे ना शिकारी, ना रोगाचा फारसा त्रास. ते इतके वाढले की झाडांची पाने संपू लागली. मग तिथले प्राणी उचलून व्हिक्टोरियातल्या रिकाम्या झालेल्या रानांत सोडण्यात आले. आज व्हिक्टोरियात दिसणारे पुष्कळसे कोआला त्या मूठभर पूर्वजांची संतती आहेत आणि म्हणून त्यांच्यात जनुकीय विविधता कमी आहे.

याच फ्रेंच बेटावरून १९२३ ते १९२५ या काळात १८ कोआला साउथ ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर नेले. तो त्यांचा मूळ प्रदेशच नव्हता. तिथल्या मॅना गम जातीच्या निलगिरीची पाने ते इतकी ओरबाडू लागले की झाडे वाळू लागली. १९९६ मध्ये तज्ज्ञांनी काही कोआला मारावेत असे सुचवले. सरकारने ते नाकारले आणि १९९७ पासून त्यांची नसबंदी सुरू केली. एकाच देशात, एकाच प्राण्याच्या बाबतीत, एके ठिकाणी तो कमी म्हणून चिंता आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त म्हणून! २०१९-२०च्या वणव्यांपूर्वी त्या बेटावर सुमारे पन्नास हजार कोआला असल्याचा अंदाज होता. त्या वणव्यांत त्यांतले बहुसंख्य मेले.

दुसरा धागा क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सचा. तिथे कोआलाला मारणे गुन्हा ठरले, पण तो ज्या झाडावर जेवतो ते झाड तोडणे बरीच वर्षे सरकारी प्रोत्साहनाचा विषय होते. सुपीक जमिनीवरची झाडे गेली. कुरणे, शेते आणि किनाऱ्याला लागून उपनगरे आली. झाडे तुटक झाली की कोआलाला एका झाडावरून दुसऱ्याकडे जमिनीवरून जावे लागते. तिथे त्याला मोटार आणि कुत्रा भेटतो. वर क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा रोग त्याला आंधळा करतो आणि वांझ करतो. ब्रिस्बेनच्या आग्नेयेला 'कोआला कोस्ट' म्हणून ओळखला जाणारा भाग आहे. तिथे १९९०च्या दशकाअखेर सहा हजारांच्या आसपास कोआला होते. २०१०च्या सुमारास ते दोन हजारांवर आले. एकही परवाना दिला गेला नव्हता, एकही कातडे विकले गेले नव्हते.

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेश यांतल्या कोआलांना असुरक्षित ठरवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांची श्रेणी बदलून ती 'संकटग्रस्त' केली गेली.

तीन प्रश्न एकत्र

१९२७ मधले विरोधक जिंकले, कारण त्यांना दाखवायला कातड्यांचा ढीग होता. ढीग डोळ्यांना दिसतो आणि मन हलवतो. तोडलेल्या झाडाखाली असा ढीग दिसत नाही. तिथला कोआला एखाद्या रस्त्याच्या कडेला, एखाद्या अंगणात, पुष्कळदा कोणाच्या लक्षातही न येता मरतो. १९२७ सालच्या मरणाचा आपल्याकडे सहा आकडी हिशेब आहे आणि आपल्या काळातल्या मरणाचे मात्र अंदाज आहेत.

म्हणून कोणत्याही वन्यप्राण्याचा धडा शिकवताना 'कोठे राहतो' आणि 'काय खातो' हे प्रश्न नुसते पाठांतराचे ठेवू नयेत, असे आम्हांला वाटते. काय खातो, यावरून तो कोठे राहू शकेल ते ठरते. कोठे राहतो, यावरून त्याची माणसाशी गाठ कोणत्या जमिनीवर पडेल ते ठरते. आणि किती मेले, या प्रश्नाचे उत्तर देणारा आकडा समोर आला तर तो कोणी, कशासाठी मोजला, आणि कोणाला मोजायचे सोडून दिले, हेही मुलांनी विचारावे. कोआलाला बंदुकीपासून वाचवणे एका सहीने झाले. त्याचे झाड वाचवायला मात्र रस्ता, शेत आणि घर कोठे बांधायचे हे रोज नव्याने ठरवावे लागते, आणि ते काम अजून चालू आहे.